सोनारमास्तर

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एकदा एक म्हातारी आली. पदराची गाठ सोडून तिनं एक बुगडी काढली आणि शिपायाला विचारलं, "सोनारमास्तर कुठं बसत्यात?" शिपाई खोडकर. त्यानं तिला थेट आमच्या वर्गाच्या दारात आणून उभं केलं. आत सर उत्प्रेक्षा शिकवत होते. म्हातारी दारातूनच म्हणाली, "आवं मास्तर, हिची फिरकी तुटलीया. म्होरल्या सोमवारी नातवाचं लगीन हाय. तवर तेवढी करून द्या."

अख्खा वर्ग हसून हसून बाकावर आडवा झाला. सर हसले नाहीत. त्यांनी हाताचा खडू झटकला, बुगडी घेतली, खिडकीशी नेऊन उजेडात धरली आणि म्हणाले, "बघतो. परवा या." मग ती रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवली आणि उत्प्रेक्षा पुढं चालू केली.

परवा म्हातारीला दुरुस्त बुगडी मिळाली. सरांनी ती फलटणच्या एका सराफाकडून करून आणली होती, हे तिला कुणी सांगितलं नाही. पुढं कित्येक वर्षं ती गावात म्हणायची, "सोनार लय चांगला हाय गं. पण दुकान टाकायचं सोडून पोरं काय सांभाळत बसलाय?"

सर सोनार नव्हते. सोनाराच्या घरातलेही नव्हते. त्यांचे वडील फलटणला कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे, आणि पुढं मोठ्या भावानं तेच दुकान चालवलं. सर शिकवायचे मराठी. पण मराठीतले धडे, व्याकरण, पत्रलेखन हे सगळं ते रहदारी पार करावी तसं पार करायचे आणि अलंकारापाशी आले की थांबायचे. म्हणून वरच्या वर्गातल्या कुठल्या तरी पोरांनी त्यांना सोनार म्हणायला सुरुवात केली, आणि नाव शाळेबाहेर गेलं.

उंच, किडकिडीत माणूस. शर्ट कायम पांढरा, आणि त्यावर कुठं ना कुठं कापसाचा एखादा तंतू. संध्याकाळी भावाच्या दुकानात गाद्यांच्या थप्पीवर बसून ते आमच्या वह्या तपासायचे. वही परत आली की पानांतून कापूस निघायचा. माझ्या एका मैत्रिणीनं वर्षभराचा असा कापूस साठवून आईला देवाच्या वाती करायला दिला होता. सरांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीतून जरा जास्तच कापूस निघाला.

त्यांच्या खिशात दोन पेन्सिली असायच्या. लाल चुकांसाठी, हिरवी अलंकारासाठी. निबंधात एखादा अलंकार आपसूक आलेला दिसला की त्याखाली हिरवी रेघ आणि समासात अर्धा मार्क. या अर्ध्या मार्कासाठी पोरं काय काय करायची! आमच्या वर्गातल्या एकानं लिहिलं होतं, "आमची म्हैस म्हणजे जणू चंद्रच, फक्त काळा." सरांनी समासात लिहिलं, "म्हशीला विचारलंस का?" अर्धा मार्क मात्र दिला.

शिकवायची त्यांची एक रीत होती. फळ्यावर एक वाक्य लिहायचे. समजा, "वारा कानात कुजबुजला." मग विचारायचे, "वाऱ्याला तोंड हाय का?"

"न्हाई सर."

"मग हे खरं हाय का?"

"न्हाई सर."

"खरं न्हाई. मग लिहिणारा खोटारडा हाय का?"

इथं सर खुर्ची ओढून आमच्या अगदी जवळ येऊन बसायचे. "खोटारडा न्हाई. त्याला काहीतरी सांगायचंय आणि साध्या शब्दात ते मावत न्हाई, म्हणून तो आडवाटेनं आलाय. आता बघा, कुठल्या वाटेनं आला." मग उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती अशा सगळ्या वाटा. पण पहिला प्रश्न कधी सोडायचा नाही, हे ते बजावून सांगायचे. "आधी विचारायचं, हे खरंच असं हाय का? निम्मी माणसं हा प्रश्न गाळतात आणि थेट नाव ठेवायला धावतात."

शाळेतलं वेड शाळेत राहिलं असतं तर त्यांचं एवढं नाव झालं नसतं. ते वेड मोपेडवर त्यांच्या मागं बसून गावभर फिरायचं. चौकात कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की सर मोपेड थांबवायचे, चष्मा कपाळावर चढवून मजकूर वाचायचे. "आभाळाएवढ्या मनाचे..." वाचून झालं की स्वतःशीच म्हणायचे, "अतिशयोक्ती," आणि खाली फोटोतल्या पंचवीस पोरांकडं बघून, "हे सगळे साक्षीदार."

एकदा आमच्या शेजारच्या दोन सख्ख्या भावांची बांधावरून जुंपली. ऊस तोडणीला आलेला, दोघांच्या हातात काठ्या, बायका मधे पडून ओरडतायत, आणि सर नेमके त्या रस्त्यानं शाळेला निघालेले. धाकटा थोरल्याला म्हणाला, "तोंडात जीभ हाय का कोयता हाय रं तुझ्या?"

सरांनी मोपेड स्टँडवर लावली, ओढा ओलांडून ते थेट दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले. "थांबा थांबा. काय म्हणालात? परत म्हणा."

धाकटा गोंधळला. "काय?"

"जीभ हाय का कोयता! वा! म्हंजे तुम्हाला संशय पडलाय. ही जीभ म्हणावी का कोयता म्हणावा, ठरंना झालंय. ससंदेह अलंकार हाय हा. तीन वर्षं झाली, मला याचं चांगलं उदाहरण सापडत न्हाई."

त्यांनी तिथंच वही काढून लिहून घेतलं. थोरला काठी टेकवून उभा होता. तो म्हणाला, "सर, ते अलंकार-बिलंकार ऱ्हाऊ द्या. ह्यो बांध कुणाचा ते सांगा."

"ते मला न्हाई कळत गड्या," सर म्हणाले. "पण वाक्य ह्याचं हाय, आणि जीभ तुझी. दोघांचं नाव लिहितो." आणि खरंच दोघांची नावं लिहिली. भांडण मिटलं नाही, ते पुढं तलाठ्याकडं गेलं. पण त्या सकाळी काठ्या खाली आल्या त्या आल्याच. त्या वर्षी नववीच्या पोरांना ससंदेहाचं उदाहरण म्हणून तेच वाक्य मिळालं, आणि त्या भावांच्या घरातला पोरगा वर्गात मान ताठ करून बसायचा.

माझं आणि अलंकाराचं मात्र कधी जमलं नाही. मी सरळ लिहिणारी. सहावीत 'आमच्या दारातील झाड' असा निबंध होता, त्यात मी शेवग्याची उंची फुटात लिहिली होती आणि शेंगा कितीला जातात तेही. सरांनी पाच वर्षांत मला एकदाही अर्धा मार्क दिला नव्हता. मला त्याचं वाईट वाटायचं, पण नाही त्या गोष्टी लिहायला माझं डोकंच चालायचं नाही.

नववीत असताना सर पुतणीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर गेले. त्यांच्या तासाला आमच्या वर्गशिक्षिका आल्या. त्यांनी निबंध लिहून घेतला, 'आमच्या गावची संध्याकाळ.' मी माझ्या सवयीनं जे दिसतं ते लिहिलं. संध्याकाळी दिवे लागतात. प्रत्येक दिव्याला एक कडं असतं, आतून निळं आणि बाहेरून तांबडं. देवळाच्या दिव्याचं कडं सगळ्यात मोठं असतं. दिवे लागले की माझं कपाळ दुखतं. डाव्या बाजूनं येणारी माणसं आधी दिसत नाहीत आणि एकदम समोर उभी राहतात, जणू जमिनीतून उगवली.

बाईंनी निबंध वाचला आणि त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मुख्याध्यापकांनी तो सगळ्या शाळेपुढं वाचून दाखवला. "बघा, दिव्याभोवती इंद्रधनुष्य! शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीची कल्पनाशक्ती बघा!" टाळ्या झाल्या. निबंध मोठ्या अक्षरात उतरवून भित्तिपत्रकावर लागला, भोवती रंगीत कागदाची चौकट. घरी आज्यानं सगळ्या आळीला सांगितलं. मी चार दिवस जमिनीवर नव्हते.

पाचव्या दिवशी सर आले. सकाळी ते भित्तिपत्रकापाशी उभे असलेले मी वर्गातून पाहिले. चष्मा कपाळावर. वाचून झालं, पुढं गेले, परत मागं आले आणि परत वाचलं. मला वाटलं, आता सर येऊन पाठ थोपटणार. पाच वर्षांचे सगळे अर्धे मार्क आज एकदम मिळणार.

तासाला वही माझ्या हातात पडली. दहापैकी तीन. अख्ख्या निबंधात हिरवी रेघ फक्त एका ठिकाणी, "जणू जमिनीतून उगवली" याच्याखाली. आणि तळाशी लाल पेन्सिलीनं, "सुट्टीत नळापाशी भेट."

मी रडतच गेले. सर पाण्याच्या टाकीच्या कठड्याला टेकून उभे होते.

"सर, सगळ्यांनी चांगला म्हटला निबंध," मी म्हणाले. "हेडसरांनी वाचून दाखवला."

"ते कडं," सर म्हणाले. "दिव्याचं. ते तू मनानं लिहिलंस का?"

"न्हाई सर. असतंय की."

"कुठं असतंय?"

"दिव्याला. सगळ्याच दिव्यांना असतंय की सर."

"मला दिसत न्हाई."

मला वाटलं, सरांचं वय झालंय. मी डोळे पुसत म्हणाले, "तुमचा नंबर वाढला असंल सर."

एरवी अशा उत्तराला ते हसले असते. तेव्हा हसले नाहीत. "आणि डाव्या बाजूची माणसं?"

"ती एकदम येत्यात."

"कवापासनं?"

"गेल्या दिवाळीपासनं असंल. आधी थोडी थोडी उशिरा यायची."

सर कठड्यावर बसले. मग माझ्या वहीवर बोट ठेवून म्हणाले, "पोरी, ह्या सगळ्यात अलंकार एकच हाय. बाकीचं सगळं खरं हाय." आणि विचारलं, "तुझा आजा घरी कवा असतो?"

वडील तेव्हा फौजेत, लांब उत्तरेकडं. घरचं सगळं आज्याच्या शब्दावर चालायचं. आजाही फौजेतून हवालदार होऊन आलेला. कडक माणूस. शाळा सुटल्यावर सर माझ्याबरोबरच मोपेड हातानं ढकलत चालत घरी आले. आज्याला वाटलं कौतुक करायला आलेत. त्यानं खाट झटकून दिली, चहा सांगितला.

"आबा," सर म्हणाले, "हिच्या डोळ्यात काहीतरी बिघाड हाय. उद्याच्या उद्या दाखवायला न्यायला पायजे."

आज्याचा चेहरा बदलला. "मास्तर, मी पलटणीत व्हतो. नजर म्हंजे काय ते मला शिकवू नका. आमच्या घराण्यात अजून कुणाला चष्मा न्हाई."

"चष्म्याचं न्हाई हे."

"मग कशाचं? कालपतुर सगळी शाळा टाळ्या वाजवत व्हती. निबंध भिताडाला लावला. आन तुमी म्हणताय डोळा बिघडला?"

"टाळ्या वाजवणाऱ्यांनी नीट वाचलं न्हाई आबा."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई बोलली. सासऱ्यासमोर ती कधी बोलायची नाही. "डाव्या अंगाला ठेवलेला तांब्या रोज लवंडती ही," ती म्हणाली. "धांदरट म्हणून मी मारती हिला."

सर उठले. मला त्यांनी अंगणात पाटावर बसवलं, समोर बघायला सांगितलं, आणि उजवा डोळा हातानं झाकायला लावला. मग खिशातली हिरवी पेन्सिल काढून ती माझ्या डाव्या कानाच्या मागून हळूहळू पुढं आणू लागले. "दिसली की सांग."

मी वाट बघत बसले. मला वाटलं सर अजून पेन्सिल आणतच नाहीयेत. अंगणात कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता. मग पेन्सिल एकदम नाकासमोर उभी राहिली. "दिसली," मी म्हणाले.

आजा खाटेवरून उठला. सरांच्या हातातून त्यानं पेन्सिल घेतली आणि स्वतः माझ्या मागं येऊन उभा राहिला. त्यानं एकदा केलं. परत एकदा केलं. तिसऱ्यांदाही पेन्सिल नाकासमोर आली तेव्हाच मी 'दिसली' म्हणाले. आज्यानं ती सरांना परत दिली आणि विचारलं, "कवा जायाचं?"

फलटणच्या डॉक्टरांनी तपासून सांगलीला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. सरांच्या पत्नीचं माहेर सांगलीचं. मला, आईला आणि आज्याला सर तिथंच घेऊन गेले, पत्नीही बरोबर आल्या. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब वाढलाय. काचबिंदू. म्हाताऱ्यांना होतो तसा कधी कधी पोरांनाही होतो. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली ती गेली, परत येणार नाही. उजव्याला आत्ता कुठं सुरुवात आहे. अजून वर्षभर असंच गेलं असतं तर दोन्ही डोळ्यांना फक्त समोरचं भोक उरलं असतं, आणि पुढं तेही नाही.

आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्यांचे वळ उठले.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पंधरा दिवसांच्या अंतरानं झाली. तो सगळा काळ आम्ही सरांच्या सासूबाईंच्या घरी होतो. घर लहान, माणसं सात-आठ, आणि त्यात आम्ही तिघं. माझ्या डोळ्यात ठरल्या वेळी थेंब घालायचं काम सरांच्या पत्नीनं आपल्याकडं घेतलं. मी त्यांना चाची म्हणायला लागले ते तेव्हापासून. चाची माहेरच्या मशिनवर कपडे शिवायच्या. थेंबांच्या वेळेला मशिनचा खडखडाट थांबायचा, मग त्यांचा हात कपाळावर यायचा, हाताला मशिनच्या तेलाचा वास. "आँख उघडी ठेव बेटी. हललीस तर गालाला औषध पाजीन."

सर शनिवार-रविवार यायचे आणि मला पेपर वाचून दाखवायचे, अर्थातच बातमीबातमीत अलंकार शोधत. एक दिवस मी डोळ्यावर पट्टी असतानाच विचारलं, "सर, काचबिंदू म्हंजे काचेचा बिंदू. हे रूपक हाय का?"

"पहिला प्रश्न विचार."

"हे खरं हाय का?"

"खरं हाय."

"मग?"

"मग रोग हाय. औषध घे आणि झोप."

वडील महिन्याभरानं रजा मिळवून आले. सरांना भेटायला फलटणला दुकानात गेले, मलाही नेलं. गाद्यांच्या थप्पीवर बसलेल्या सरांच्या पायाला हात लावून म्हणाले, "सर, डोंगराएवढे उपकार झाले." त्यांचे डोळे भरून आले होते. सर पाय मागं घेत म्हणाले, "अतिशयोक्ती. पण चांगली हाय, ऱ्हाऊ द्या." मग दोघंही एकदमच दुसरीकडं बघू लागले.

शाळेत मुख्याध्यापकांना फार लाज वाटली होती. ते भित्तिपत्रकावरचा निबंध काढायला निघाले. सरांनी अडवलं. "काढू नका साहेब. चांगलाच निबंध हाय. जसं दिसलं तसं लिहिलंय, एवढं कुणाला जमतं?"

"मग तीनच मार्क का दिले सर?" मी विचारलं.

"शुद्धलेखन बघ तुझं," सर म्हणाले.

ते तीन शेवटपर्यंत तीनच राहिले.

आता मी शिरवळला एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात काम करते. दिवसभर मापं, नोंदी, खरं की खोटं. सकाळ-संध्याकाळ डोळ्यात थेंब घालते, वर्षातून दोनदा सांगलीला जाऊन दाब मोजून येते. रस्ता ओलांडताना मान पूर्ण डावीकडं वळवायची सवय झाली आहे. स्कूटर मी चालवत नाही. एवढं सोडलं तर माझं काही अडत नाही.

सर निवृत्त झाल्यावर मुलाकडं सांगलीला विश्रामबागेत राहायला गेले. आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, त्यात कुणीतरी त्यांनाही घेतलं, आणि ग्रुपवरच्या सगळ्यांची परीक्षा पुन्हा सुरू झाली. सकाळी कुणी फुलांचं चित्र आणि सुविचार टाकला की पाचव्या मिनिटाला सरांचं उत्तर यायचं, "रूपक. पण ओढून आणलेलं." गुरुपौर्णिमेला कुणी लिहिलं, "सर, तुम्ही आमचे देव आहात." उत्तर आलं, "देवाला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागत नाही." गटातले अर्धे लोक घाबरून नुसता अंगठा दाखवायला लागले होते. एका मित्राचे वडील वारले तेव्हा कुणीतरी लिहिलं, "काळाने झडप घातली." मी वाट बघत होते. सरांनी फक्त लिहिलं, "वाईट झालं. फार चांगले होते. मला एकदा उसाचा रस पाजला होता."

गेल्या वर्षी सर गेले. सकाळी चहा घेऊन पेपर वाचताना गेले, असं मुलानं ग्रुपवर कळवलं. दिवसभर फोन वाजत होता. साहित्याचा सूर्य मावळला. ज्ञानाचा वटवृक्ष कोसळला. शब्दांचा जादूगार हरपला. मी एकेक वाचत होते आणि प्रत्येकाखाली थोडा वेळ थांबत होते, सवयीनं. खाली कुणीच काही लिहीत नव्हतं. मी "रूपक" असं टाइप केलं, त्याकडं बघत बसले, आणि पुसून टाकलं.

कामावरून सुट्टी मिळायला वेळ लागला. मी विश्रामबागेत गेले तोवर चाळीस दिवस उलटून गेले होते. चाचींनी दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झालेले, बाकी तशाच. आधी माझी हनुवटी धरून त्यांनी चेहरा खिडकीकडं वळवला आणि दोन्ही डोळे नीट बघितले. "थेंब घालतीस का वेळेवर?"

"व्हय चाची."

मग आत बसलो. सून कामावर, मुलगा कामावर, नात शाळेत. शिलाईचं मशिन अजून होतं, त्यावर नातीचा गणवेश अर्धवट उसवून पडलेला. चाचींनी चहा केला. सरांबद्दल मी काय काय बोलत राहिले. ते दोन भाऊ, ती म्हातारी, तो पाटावरचा दिवस. चाची ऐकत होत्या. ऐकता ऐकता म्हणाल्या, "सगळे येत्यात आणि हेच सांगत्यात. सरांनी हे शिकवलं, ते शिकवलं. एक सांगू बेटी? सगळ्या जगाला अलंकार वाटत फिरले. मला कधी एक दिला न्हाई."

मी चहाचा कप हातात घेतला.

"घरात लय साधं बोलायचे. चहा चांगला झालाय. दमलीस का. आज लवकर बंद कर मशिन. एवढंच." त्या उसवलेल्या गणवेशावरून हात फिरवत होत्या. "लग्नाला वीसेक वर्षं झाली असतील, तवा मी एकदा भांडले. म्हणलं, शेजारीण बोलती, तुझ्या नवऱ्याला काय सगळं येतं गं, तुला चंद्र म्हणत असतील, गुलाब म्हणत असतील. आणि मला काय हाय? पोरांच्या वहीतल्या म्हशीला चंद्र म्हणलं तर मार्क देता. मला बी सांगा की, मी कशासारखी हाय?"

"मग?"

"मग काय. वह्या तपासत व्हते. पेन्सिल खाली ठेवली. बसले विचार करत. चहा गार झाला, मगरिबची अजान झाली, तरी बसलेच. मला वाटलं आता काय मोठं सांगत्यात! आणि शेवटाला काय म्हणले ठाव हाय?" चाचींनी सरांसारखाच चष्मा कपाळावर चढवला. "म्हणले, 'तू तुझ्यासारखीच.' झालं! परत वह्या घेतल्या. म्हंजे मला चुकवलंच की न्हाई? मला असला राग आला. दोन दिवस बोलले न्हाई मी त्यांच्याशी. ते बी काय बोलले न्हाईत. तिसऱ्या दिवशी मीच म्हणलं, जाऊ दे, माणूसच असला."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"चाची," मी म्हणाले, "तो अलंकार हाय."

"कुठला?"

"तू तुझ्यासारखीच. हाच."

"चल. मला बरं वाटावं म्हणून सांगतीस."

"शपथ चाची. सरांनीच आम्हाला शिकवलाय. एखाद्याला कशाची तरी उपमा द्यायची असती, आणि सगळं जग शोधून बी त्याच्या तोडीचं काही सापडत न्हाई. मग त्याला त्याचीच उपमा द्यावी लागती. त्याला अनन्वय म्हणत्यात. सगळ्यात वरचा मान हाय तो. चंद्र-गुलाब त्याच्या खालचे."

चाची माझ्याकडं बघत राहिल्या. "काय म्हणालीस नाव?"

"अनन्वय."

"अनन्... वय." त्यांनी हळू म्हणून बघितलं. मग परत एकदा, सलग. "परीक्षेला येतो का हा?"

"येतो."

"म्हंजे पोरांना सांगत व्हते. वर्गात. फळ्यावर लिहून."

"व्हय."

चाचींनी गणवेश उचलून मांडीवर घेतला, उसवलेली शिवण बोटांनी जुळवली, परत सोडली. खाली रस्त्यावरून शाळा सुटल्याचा गलका येत होता. त्यांनी पदरानं चष्मा पुसला, तो बराच वेळ पुसत राहिल्या.

"मग मी उगंच की गं," त्या म्हणाल्या, "दोन दिवस बोलले न्हाई."